पत्रकारितेची पहिली दोन वर्षे कुठे काढावीत?

पत्र : आम्ही एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. माझी मुलगी इथेच जन्मलेली असून यंदा बारावीत आहे. तिला पत्रकारिता करायची आहे. शाळेच्या वृत्तपत्राची ती संपादक आहे आणि गुणांच्या बाबतीत आपल्या तुकडीतल्या वरच्या १५ टक्क्यांत आहे. चार वर्षांचा विद्यापीठाचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून कम्युनिकेशन व जर्नालिझममधील दोन वर्षांची असोसिएट डिग्री तिने आधी घ्यावी, असे माझ्या मनात आहे. घराजवळचे मिडलसेक्स कॉलेज, वेस्ट विंडसरचे मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेज (तिथले वृत्तपत्र चांगले आहे, असे मुलगी म्हणते) आणि घरबसल्या सोळा महिन्यांत डिग्री देऊ म्हणणारे एक खासगी ऑनलाइन कॉलेज, असे तीन पर्याय समोर आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही ते मिडलसेक्स-मर्सरसारख्या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात जातात आणि पत्रकारितेत तरी आता काय उरले आहे? पुण्याचे दीर म्हणतात, तिला तिथल्या पत्रकारितेच्या ‘रानडे’ संस्थेत पाठवा. आम्ही निवड कशी करावी?
— एक आई, एडिसन

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन कॉलेजांची नावे आहेत, पण ही दोन वर्षे संपल्यावर मुलीला कुठे जायचे आहे, याचा उल्लेख नाही. माझ्या मते विचाराला सुरुवात तिथूनच करावी लागेल. अमेरिकेत वार्ताहराच्या नोकरीसाठी सर्वसाधारणपणे बॅचलर पदवी मागितली जाते आणि केंद्रीय कामगार खात्याच्या व्यवसायविषयक माहितीतही हीच पात्रता नोंदवलेली आहे. त्यामुळे नुसत्या असोसिएट डिग्रीवर थांबून चालणार नाही, हे गृहीत धरूनच कॉलेज निवडायला हवे. तुमच्या राज्यात पत्रकारिता आणि कम्युनिकेशन शिकवणारी चार सरकारी ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवता येतील : न्यू ब्रन्सविकचे रटगर्स, मॉन्टक्लेअर स्टेट, ग्लासबोरोचे रोवन आणि ‘द कॉलेज ऑफ न्यू जर्सी’. यांपैकी निदान दोन ठिकाणे मुलीने आत्ताच ठरवावीत आणि मग कोणत्या कम्युनिटी कॉलेजातून तिथे एकही क्रेडिट (अभ्यास मोजण्याचे एकक) वाया न घालवता पोहोचता येते, हे तपासावे.

या डिग्रीची रचना समजून घेतली की निवडीतला निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो. असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची असते. न्यू जर्सीत ‘असोसिएट इन आर्ट्स’ म्हणजे ए.ए. पदवीसाठी त्यांपैकी किमान ४५ क्रेडिट सामान्य शिक्षणाची, म्हणजे इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांची असावी लागतात. उरली १५. तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय. जाहिरातीत ‘कम्युनिकेशन अँड जर्नालिझम’ असे कितीही ठसठशीत छापलेले असले, तरी प्रत्यक्ष त्या विषयाचे शिक्षण जेमतेम पाच विषयांत बसवलेले असते आणि त्यातही प्रसारमाध्यमांची ओळख, वक्तृत्व, परस्पर संवाद असे विषय असले तर बातमी कशी लिहावी हे शिकवणारा वर्ग एखाद-दुसराच उरतो. म्हणूनच ‘कम्युनिकेशन घ्यावे की जर्नालिझम’ या प्रश्नावर या टप्प्यावर फार डोके शिणवू नये. डिग्रीचे नाव कम्युनिकेशन असले आणि त्यात वार्तांकनाचे दोन विषय तिला घेता आले, तर ती डिग्री, जर्नालिझम असे नाव असलेल्या पण वार्तांकनाचा एकच विषय शिकवणाऱ्या डिग्रीपेक्षा उजवी.

सामान्य शिक्षणाचे विषय मात्र तिने पाट्या टाकल्यासारखे उरकू नयेत. संख्याशास्त्र, अमेरिकन शासनव्यवस्था, अर्थशास्त्र आणि स्पॅनिश हे चार विषय तिने जरूर घ्यावेत. शाळामंडळाचा अर्थसंकल्प वाचून मालमत्ता कर नेमका का वाढला हे सांगता येणारा नवशिका वार्ताहर कुठल्याही संपादकाला हवा असतो आणि असे वार्ताहर फार थोडे मिळतात.

आता क्रेडिटकडे वळू. न्यू जर्सीत २००७ साली ‘लॅम्पिट कायदा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि त्यानुसार पुढच्या वर्षी राज्यभराचा ट्रान्स्फर करार अमलात आला. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. (असोसिएट इन सायन्स) पदवी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याची ती पदवी राज्यातल्या सरकारी विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांच्या बरोबरीची मानली जाते, असा त्याचा आशय. यातले तीन बारकावे पालकांच्या नजरेतून नेहमी निसटतात. पहिला असा की, हे संरक्षण पूर्ण केलेल्या पदवीला आहे. एक वर्ष करून मध्येच उडी मारली, तर प्रत्येक विषय सुटा तपासला जातो आणि काही विषय गळतात. दुसरा असा की, ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’, म्हणजे ए.ए.एस., ही नोकरीकडे नेणारी पदवी असून ती या करारात येत नाही. व्हिडिओ निर्मिती, डिजिटल मीडिया, प्रसारण तंत्र असले आकर्षक अभ्यासक्रम पुष्कळदा याच पदवीत असतात. स्टुडिओ पाहून मुले हरखून जातात आणि दोन वर्षांनी रटगर्सच्या दारात क्रेडिट मोजत बसतात. अर्ज भरताना पदवीच्या नावापुढची अक्षरे आधी वाचावीत. तिसरा बारकावा असा की, करारामुळे क्रेडिट मान्य होतात, परंतु विशिष्ट विद्यापीठात किंवा तिथल्या पत्रकारिता विभागात जागा मिळेलच, अशी हमी त्यात नाही. विभागाच्या स्वतःच्या अटी असतात आणि त्या विद्यापीठाला विचारूनच पहिल्या सत्राचे विषय ठरवावेत.

हे तपासण्यासाठी ‘एनजे ट्रान्स्फर’ ही अधिकृत सोय आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजातला विषय आणि जायचे विद्यापीठ निवडले की तो विषय तिथे कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे दिसते. मुलीला शेजारी बसवून मिडलसेक्स आणि मर्सर या दोन्ही ठिकाणचे कम्युनिकेशन व पत्रकारितेचे विषय एकेक करून तिथे टाकून पाहा. रटगर्सचे क्रमांक वाचायला सोपे आहेत : ०४:५६७ ने सुरू होणारा विषय पत्रकारिता व माध्यम अभ्यासाचा, ०४:१९२ ने सुरू होणारा कम्युनिकेशनचा. समोर असा क्रमांक आला, तर तो विषय मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. नुसते ‘ऐच्छिक क्रेडिट’ असे आले, तर ६० च्या बेरजेत तो मोजला जाईल, पण पुढे मेजरसाठी तसाच विषय पुन्हा घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे विद्यापीठाच्या दराने मोजावे लागतील. ज्या कॉलेजाचे जास्त विषय मेजरमध्ये बसतात, ते कॉलेज तुमच्यासाठी चांगले, इतका हा हिशेब रोखठोक आहे.

यापुढचा मुद्दा मुलीने स्वतःच हेरलेला आहे आणि त्याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. वर्गात पाचच विषय असतील, तर पत्रकारिता शिकण्याची खरी जागा कॉलेजचे वृत्तपत्रच असते. मर्सरच्या ‘द कॉलेज व्हॉइस’चे नाव आहे, मिडलसेक्सच्या वृत्तपत्राचे नाव ‘क्वो वाडिस’. परंतु नावावर किंवा भिंतीवरच्या पारितोषिकांवर जाऊ नये, अंक वाचावेत. गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेले जेवढे अंक मिळतील तेवढे तिने काढावेत आणि आधी फक्त तारखा पाहाव्यात. सप्टेंबरात एक अंक, त्यानंतर थेट एप्रिलमध्ये दुसरा, असा प्रकार असेल, तर तिथे वृत्तपत्र नावालाच आहे. मग बातम्यांखालची नावे पाहावीत. एकाच विद्यार्थ्याचे नाव सगळीकडे असेल, तर तो पदवी घेऊन बाहेर पडल्यावर ते वृत्तपत्रही बंद पडण्याचा संभव असतो.

त्यानंतर एकच बातमी निवडून नीट वाचावी आणि ती शक्यतो फीवाढीची असावी, कारण अशी बातमी प्रत्येक कॉलेजात कधी ना कधी येतेच. विश्वस्त मंडळाने फी वाढवली, अध्यक्षांनी दर्जा टिकवण्यासाठी ती आवश्यक असल्याचे सांगितले, विद्यार्थ्यांनी सहकार्य करावे असे आवाहन केले, एवढ्यावर बातमी संपली असेल, तर ते कॉलेजचे प्रसिद्धिपत्रक आहे आणि खाली विद्यार्थ्याचे नाव तेवढे चिकटवले आहे. त्याच बातमीत गेल्या वर्षीचा दर आणि यंदाचा दर शेजारी शेजारी दिलेला असेल, मतदानात किती विश्वस्त विरोधात गेले हे नोंदवलेले असेल, दिवसा कॉलेज आणि रात्री गोदामात काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला या वाढीमुळे एक विषय कसा सोडावा लागतो हे तिच्याच शब्दांत आलेले असेल, तर त्या वृत्तपत्रामागे शिकवणारे कोणीतरी आहे, हे ओळखावे. मागच्या अंकातली चूक दुरुस्त केल्याची छोटी चौकट कुठे आढळली, तर आणखी चांगले.

हे शिकवणारे कोण आहे, तेही विचारावे. वृत्तपत्राचे मार्गदर्शक पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, त्यांनी स्वतः कुठल्या वृत्तपत्रात काम केले आहे का, वृत्तपत्राचे काम क्रेडिट मिळणाऱ्या विषयाला जोडलेले आहे की नुसता क्लब आहे आणि छापण्यापूर्वी मजकूर प्रशासनाकडे दाखवावा लागतो का? शेवटच्या प्रश्नाला कोणी आढेवेढे घेऊन उत्तर दिले, तर तेच उत्तर समजावे. विद्यार्थी-पत्रकारांच्या अभिव्यक्तीला संरक्षण देणारा कायदा न्यू जर्सीने २०२१ मध्ये केला आहे, हे मुलीला ठाऊक असू द्या. शक्य झाले, तर अंक लावण्याच्या दिवशी वृत्तपत्राच्या खोलीत तासभर बसण्याची परवानगी मागावी. तिथे किती मुले येतात आणि काय बोलतात, यावरून जे कळते ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

एवढे सांगूनही, तुमच्या बाबतीत मी मिडलसेक्सच्या बाजूने झुकतो आणि त्याचे कारण पैसा आहे. वरच्या १५ टक्क्यांत असल्याचे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने ते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. न्यू जर्सीत ‘एनजे स्टार्स’ नावाची शिष्यवृत्ती अशाच विद्यार्थ्यांसाठी असून तीत कम्युनिटी कॉलेजची शिकवणी फी पाच सत्रांपर्यंत भरली जाते. इतर शुल्क आणि पुस्तके आपल्यालाच पाहावी लागतात. अट अशी की, कॉलेज आपल्याच काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, असावे. हवा तो अभ्यासक्रम तिथे नसेल, तरच दुसऱ्या काउंटीत जाता येते. पुढे ३.२५ किंवा अधिक सरासरीने असोसिएट डिग्री मिळवली आणि इतर अटी पूर्ण झाल्या, तर चार वर्षांच्या विद्यापीठातही ‘स्टार्स’च्या दुसऱ्या टप्प्यातून मदत मिळते. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येते. म्हणजे मर्सर निवडले, तर ही शिष्यवृत्ती बहुधा हातची जाईल, शिवाय काउंटीबाहेरच्या विद्यार्थ्यांचा वाढीव दर लागेल. शिष्यवृत्तीसाठी ‘फाफसा’ हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज वेळेत भरा. उत्पन्न कमी असेल, तर केंद्र सरकारची ‘पेल ग्रँट’ आणि राज्याची ‘कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट’ यांचा विचारही त्यातूनच होतो. (ज्या वाचकांची मुले अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर आहेत, त्यांना केंद्र सरकारची ही मदत मिळत नाही, हे त्यांनी आधीच लक्षात घ्यावे.)

वेस्ट विंडसरला रोज मोटारीने जाण्या-येण्याचा विचारही करा. तास संपताच गाडी गाठणारी विद्यार्थिनी वृत्तपत्रासाठी वेळ देऊ शकत नाही आणि मग ज्या गोष्टीसाठी मर्सरला जायचे, तीच हुकते. मिडलसेक्सचे वृत्तपत्र झोपी गेलेले आढळले, तर एका सत्रात चार मुले गोळा करून ते जागे करणे तुमच्या संपादक मुलीला अशक्य नाही. पुढे रटगर्समध्ये १८६९ पासून निघणारे ‘डेली टारगम’ आहे. तिथे लिहिण्यासाठी हाताशी काही कात्रणे असली, तर सुरुवात सोपी जाते. स्थानिक बातम्या देणारी ‘टॅपइंटो’सारखी संकेतस्थळेही तुमच्या राज्यात आहेत. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानदाराशी हिंदीत आणि मंडळातल्या आजींशी मराठीत बोलून बातमी आणणारी मुलगी त्यांना जड होणार नाही.

यजमानांच्या दोन्ही शंका मी उडवून लावणार नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुढे बॅचलर पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात चार वर्षांच्या संस्थेत साधारण एकतृतीयांशच पोहोचतात आणि सहा वर्षांत पदवी मिळते ती सुमारे १६ टक्क्यांना. ही गळती मुलांच्या बुद्धीमुळे होते असे नाही. नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या, चुकीचे निवडलेले विषय आणि वेळेवर न मिळालेला सल्ला, अशी त्याची कारणे आहेत. म्हणूनच ट्रान्स्फर सल्लागाराची भेट दुसऱ्या वर्षासाठी राखून न ठेवता पहिल्या सत्रातच घ्यावी आणि दर सत्रात घेत राहावी. आता प्रतिष्ठेचा प्रश्न. अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर अनेक वर्षे रात्रीच्या बातम्या सांगणारे जिम लेहरर टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया कॉलेज या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकले आणि तिथून मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेची पदवी घ्यायला गेले. मंडळाच्या गणेशोत्सवात ‘मुलगी कुठे असते?’ या प्रश्नाला दोन वर्षे थोडे अवघड उत्तर द्यावे लागेल, इतकेच. पुढे मिळणाऱ्या पदवीपत्रावर विद्यापीठाचेच नाव असते.

पत्रकारितेत काय उरले आहे, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. तुमच्या राज्यातले सर्वांत मोठे दैनिक ‘स्टार-लेजर’ याने फेब्रुवारी २०२५ मध्ये छापील आवृत्ती बंद केली आणि १८६७ पासून निघणारे ‘जर्सी जर्नल’ त्याच सुमारास कायमचे बंद झाले. २००५ पासून अमेरिकेतली एकतृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली आहेत. दुसरीकडे, स्थानिक बातम्यांना सार्वजनिक निधी देण्यासाठी न्यू जर्सीने २०१८ मध्ये कायदा करून ‘सिव्हिक इन्फर्मेशन कन्सॉर्शियम’ स्थापन केले आणि त्यात राज्यातली सरकारी विद्यापीठे भागीदार आहेत. या चित्रावरून मी मुलीला या वाटेवरून परतवणार नाही. मात्र या व्यवसायासाठी मोठे कर्ज काढू नये, हे ठामपणे सांगेन. २०२४-२५ मध्ये सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची देशभरातली सरासरी वार्षिक फी स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ४,०५० डॉलर होती आणि राज्यातल्याच विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठाची ११,६१० डॉलर; रटगर्स त्याहून बरेच महाग आहे. पहिली दोन वर्षे स्वस्तात झाली, तर पहिली नोकरी कमी पगाराची पण चांगल्या संपादकाच्या हाताखालची स्वीकारण्याची मोकळीक तिला राहील. शिवाय तिचा विचार बदलला, तरी कम्युनिकेशनच्या पदवीतून जनसंपर्काकडे किंवा कायद्याच्या शिक्षणाकडे वळता येते.

दिरांचा सल्ला आपुलकीचा आहे. पुणे विद्यापीठाचा ‘रानडे’तला विभाग जुना आणि नावाजलेला आहे, पण तिथला पत्रकारितेचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, बारावीनंतर लगेच तिचा तिथे विचार होणे कठीण. बॅचलर झाल्यावर तिला भारतात वार्तांकन करावेसे वाटले, तर हा विषय पुन्हा काढता येईल.

राहिले ते ऑनलाइन कॉलेज. राज्याचा ट्रान्स्फर करार अशा संस्थेला लागू नाही, तिथली क्रेडिट घ्यायची की नाही हे पूर्णपणे पुढच्या विद्यापीठाच्या मर्जीवर आहे आणि ज्याच्या खोलीत बसून शिकावे असे वृत्तपत्र तिथे असण्याचा प्रश्नच येत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या साखळ्याही बंद पडतात. २०१६ मध्ये आयटीटी टेक एकाएकी बंद झाले तेव्हा हजारो विद्यार्थी अर्ध्यावर लटकले. मिडलसेक्स आणि मर्सर या दोघांनाही ‘मिडल स्टेट्स’ या मंडळाची मान्यता आहे. ऑनलाइन कॉलेजला कोणाची आहे, ते पाहून घ्या. पत्रकारिता विभागांना मान्यता देणाऱ्या वेगळ्या परिषदेचे नाव दोन्ही कम्युनिटी कॉलेजांपुढे दिसणार नाही, त्याने मात्र घाबरू नका, कारण ती परिषद दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देत नाही.

‘जागा संपत आल्या आहेत’ असे सांगणारा त्या ऑनलाइन कॉलेजचा फोन तुम्हाला येईलच. तेव्हा त्या प्रतिनिधीकडून प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम लेखी मागवा, तो रटगर्सच्या ट्रान्स्फर कार्यालयाला पाठवा आणि तिथून लेखी उत्तर येईपर्यंत एक डॉलरही भरू नका.